खालपासून दाट

"खालपासून दाट हवं," तो म्हणाला. "वर उघडं राहिलं तरी चालेल. खिडकीच्या उंचीला काही दिसायला नको."

माळीणबाईंनी घरामागच्या विरळ रानाकडे पाहिलं. उंच झाडांमधून उन्हाचे कवडसे थेट स्वयंपाकघरापर्यंत येत होते, आणि पलीकडच्या चार घरांच्या नजराही.

"बारमाही हिरवी झाडं लावू. दोन तिरक्या ओळी. पण या सावलीत ती सावकाश वाढतात. आडोसा व्हायला चार वर्षं लागतील."

"मोठीच आणा ना."

"मोठी टिकत नाहीत. जुन्या झाडांची मुळं सगळं पाणी पिऊन टाकतात."

"पाणी मी घालीन." त्याने मागच्या दाराकडे पाहिलं. "आवाजही अडतो का?"

"आवाज झाडांना जुमानत नाही."

त्याने मान खाली घातली. भर उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावलेला, नजर चुकवणारा माणूस. बाईंच्या तो तिथेच डोक्यात गेला.

बायको मात्र लाघवी होती. चहा घेऊन आली तेव्हा तिच्या तळहाताला पट्टी होती.

"भाजलं हो. माझाच धांदरटपणा," ती हसून म्हणाली. "यांना माणसांचं वावडं आहे, ताई. मला चार माणसं दिसली की बरं वाटतं."

कप घेताना त्याचा हात थरथरला. चहा बशीत सांडला. राग गिळतोय मेला, बाईंनी ताडलं.

बाईंची धाकटी बहीण अशाच एका घरात नांदली होती. जिन्यावरून पडले, कपाट लागलं, असं प्रत्येक वेळी सांगायची. शेवटचा निरोप आला आणि बाई धावत पोचल्या, तेव्हा तिला चादरीत गुंडाळून ठेवलं होतं. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली, तरी उशीर झाल्याची बोच कमी झाली नव्हती.

म्हणून दोन दिवस रोपं लावताना त्यांनी स्वयंपाकघरासमोर मुद्दाम एक फट सोडली.

"इथे एक राहिलं," तो म्हणाला.

"खाली मुळं आहेत," बाई खोटं बोलल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बुंध्यांभोवती पालापाचोळा पसरत होत्या. आत काहीतरी खळ्ळकन फुटलं. मग बायकोची किंकाळी आली.

बाई फावडं घेऊनच धावल्या. मागचं दार उघडं होतं. त्याने बायकोला भिंतीशी दाबून धरलं होतं. तिची दोन्ही मनगटं त्याच्या मुठीत होती. फरशीवर काचांचा खच पडला होता.

"ताई, वाचवा! मारून टाकतोय मला!"

तो वळला. "तुम्ही मध्ये पडू नका. आधी माझं ऐका..."

बाईंनी ऐकलं नाही. फावड्याचा पहिला घाव कानशिलावर बसला. तो गुडघ्यांवर कोसळला, हात वर करून उठू लागला. दुसऱ्या घावाने खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज झाला. तिसरा घाव पुन्हा डोक्यावर बसला. मग तो हलला नाही. त्याच्या कानातून निघालेलं रक्त काचांमधून वाट काढत टेबलाखाली गेलं.

बायको बाईंच्या गळ्यात पडली. "तुम्ही नसता तर आज मी उरले नसते."

बाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. या वेळी उशीर झाला नव्हता. रुग्णवाहिकेला फोन त्यांनीच केला. पोलिसांना काय सांगायचं तेही मनाशी पक्कं केलं: मारलं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन.

नर्स आली, त्याच्याजवळ बसली. श्वास जेमतेम चालू होता. तिने कात्री काढली.

"डोकंच बघा ना त्यांचं," बायको घाईने म्हणाली. "शर्ट राहू द्या."

नर्सने गळ्यापासून खालपर्यंत शर्ट कापला आणि तिचा हात जागीच थांबला. बाई वाकून पाहू लागल्या.

गळ्याखालून बेंबीपर्यंत, एकाखाली एक, इस्त्रीच्या टोकाचे डाग होते. वरचे जुने, काळे पडलेले. शेवटच्या डागावरची कातडी अजून ओली होती.