वकिलाचा हात

खडकावर जीप चढवताना चालवणाऱ्याला चाकाखालचं काही दिसत नाही. पुढे उभा असलेला मित्र हात करेल तसं जायचं. वकिलाचा एक हात स्टिअरिंगवरच्या डॉक्टरला ‘ये, ये’ करत होता. डोळे मात्र दुसऱ्या हातातल्या मोबाइलवर. कडाड् आवाज झाला आणि जीपचा अ‍ॅक्सल मोडला.

“डॉक्टर, पेशंट गेला की!” बरोबरच्या मित्रांनी टर उडवली.

“वकिलाने बरोबर दाखवलं होतं रे. मीच माती खाल्ली,” डॉक्टर म्हणाला. वकिलाने मोबाइल बंद करून खिशात टाकला.

आता दोर बांधून जीप दरीच्या कडेकडेने खाली सोडायची होती. हात दाखवायला दुसरा मित्र पुढे झाला, तसा जीपमध्ये बसलेला डॉक्टर ओरडला, “तू हो बाजूला! वकिलालाच उभं कर. तो असला की मला खाली बघावं लागत नाही.”