आडनाव नसलेली सही

ऑर्तांसच्या शाळेत शाईनं लिहायचं तर बाईंकडून परवाना मिळवावा लागतो. नाताळपर्यंत सगळ्या वर्गाला मिळाला. अक्षरं उलटी काढणारी ऑर्तांस तेवढी पेन्सिलीवर राहिली. तिची आई सोलेन जुन्या राजवाड्यातल्या पर्यटकांच्या दुकानात कामाला. तिथूनच तिनं तिथल्या जुन्या राजाचं चिन्ह, मुकुटधारी सरडा, कोरलेलं पेन लेकीसाठी घेतलं. ते वर्षभर पर्समध्येच पडून. शाळेच्या शेवटच्या दिवशी फाटकाशी पर्समधलं पेन बघून एका आईनं टोमणा मारला, “काय गं, पेनाचं लोणचं घालतेस का?” इतक्यात ऑर्तांस परवाना फडकावत धावत आली. “आई, पेन दे! सही राहिलीय. बाईंच्या पेनानं मी केलीच नाही!” सोलेन सगळ्यांदेखत वाकली. ऑर्तांसनं तिच्या पाठीवर कागद ठेवला. एकेक अक्षर सोलेनला कपड्यांतून कळत गेलं. एकही उलटं नव्हतं. “आडनाव राहिलं गं,” ती वाकूनच म्हणाली. “राहू दे. तूच म्हणतेस ना, राजे कुठं आडनाव लिहायचे?”