अण्णांची अनुमती

ज्याच्यासाठी एखादे कार्य आरंभिले, त्याच्याच समोर उभे राहून ते मोडण्याची अनुमती मागावी लागणे, हा प्रसंग कोणाही पुत्रास दुष्करच होय. दोघे भाऊ वडिलांच्या पलंगापाशी तसे उभे होते. खांद्यावरच्या बॅगाही त्यांनी उतरवल्या नव्हत्या.

"आज दोघेही एकदम? रस्ता चुकलात की काय?" शुश्रूषेला असलेल्या मावशी म्हणाल्या आणि औषधाचा पेला घेऊन बाजूला झाल्या.

अण्णा एके काळचे नामांकित वकील. पक्षाघाताने त्यांची वाचा हरपली. उजव्या हाताचे एक बोट तेवढे हलते राहिले. तेव्हा मुलांनी नोकऱ्या सोडल्या, भाड्याची खोली घेतली आणि चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारा एक फलक टॅबवर सिद्ध केला. पुढे अनेक घरांतली मूक झालेली माणसे त्यावर बोलू लागली. कंपनी उभी राहिली. मुले कचेरीतच राहू लागली. एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. अण्णांनी स्वतः वापरून 'हो' म्हटल्यावाचून फलकातला कोणताही बदल बाहेर जात नसे.

धाकट्याच्या वाढलेल्या दाढीकडे पाहून अण्णांनी बोट टेकवले.

"माकड," फलक निर्विकार स्वरात म्हणाला. मावशींना हसू आवरेना. थोरला हसला नाही.

"अण्णा, आपली कंपनी विकत मागितलीय. अर्धं जग ज्यांच्या ॲपवर गप्पा मारत बसतं ना, त्या लोकांनी. उद्या सह्या आहेत."

"छान," फलक म्हणाला.

"पुढचंही सांग, दादा. नेहमी गोड तेवढंच सांगतोस," धाकटा म्हणाला.

थोरल्याने मान खाली घातली. "आम्हाला त्यांच्या शहरात जाऊन राहावं लागेल. आणि हे ॲप ते बंद करणार आहेत. तुमच्यासाठी दुसरं आणू, पण ते पहिल्यापासून शिकावं लागेल." त्याने खांद्यावरची बॅग सावरली. "त्यांना आपलं ॲप नकोच आहे, अण्णा. त्यांना फक्त आम्ही हवे आहोत."

अण्णांचे बोट फलकावरून सरकू लागले. एकेका चित्राशी ते थबकत होते.

"मला," फलक म्हणाला. "पण." मध्ये बराच वेळ गेला. "तुम्ही. हवे."

धाकटा बॅगेसकट पलंगाच्या कडेवर बसला.

"दादा, मागे अण्णांच्या टॅबवर 'ये' हे चित्र संध्याकाळभर दाबलं जातंय असं आपल्याला ऑफिसात दिसलं होतं. आठवतंय?"

"हो. चित्र अडकतंय म्हणून दुरुस्ती केली आपण. कितीही वेळा दाबलं तरी एकदाच बोलेल अशी."

"ते अडकत नव्हतं, दादा."

त्या दुरुस्तीलाही अण्णांनी 'हो' म्हटले होते.

अण्णांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. त्या दृष्टीत अभियोग नव्हता. पुष्कळ काळ वाट पाहिलेल्या माणसाचा शीण तेवढा होता. मग बोट पुन्हा उचलले गेले.

"जा," फलक म्हणाला.

बोट आणखी एका चित्राकडे निघाले होते. पण थोरल्याने तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि पुढचा शब्द उच्चारला गेला नाही. अण्णांनीही हात सोडवून घेतला नाही.

जाणाऱ्यांचा प्रवास सुखाचा होवो, आणि मागे राहणाऱ्याचे मौन ऐकणारे कोणी ना कोणी त्याच्या उशाशी सदैव असो.