कपाटावरचा कॅमेरा

व्हिडिओ कॉलवर मुलाला आईचा चेहरा सारखा अडकलेला दिसायचा, म्हणून तिने केबलवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, मोडेम बंद करून पुन्हा चालू केला. सिनेमे सुरळीत दिसत होते. अपलोडची मात्र गोगलगाय झालेली. मग त्याचं लक्ष कपाटावरच्या कॅमेऱ्याकडे गेलं. “काकू, हा दिवसभर शूटिंग नेटवर पाठवत बसतो. तुमच्या कॉलला वाटच उरत नाही. काढू?” आई घुटमळली. ‘एकटी असतेस, माझं लक्ष राहील’ म्हणत मुलानेच तो लावला होता. तेव्हापासून ती सकाळी वेणीफणी करून त्याच्यासमोर बसायची, दुपारी “जेवले रे बाबा” म्हणून त्याला सांगायची. “काढा,” ती म्हणाली. “बंद दिसला की लगेच फोन करेल तो.” फोन आला, पण नेहमीसारखा रविवारीच. “आई, आज किती स्पष्ट दिसतेस. काय केलंस?” “कॅमेरा काढला.” “कुठला कॅमेरा?”