लूनच्या पाठीवरचे ठिपके

बायको गेली, मी दवाखान्यातून एकटाच परतलो. त्याच दुपारी तिच्या चित्रमंडळातली लॉर्ना हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं भांडं, घेऊन आली. टेबलावर बायकोची चित्रांची वही उघडीच होती. सकाळी तिने तळ्यातला लून पक्षी रंगवला होता. पाठीवरचे ठिपके कोरे पांढरे राहावेत म्हणून त्यांवर रबरी डिंक लावला होता. रंग वाळल्यावर तो चोळून काढायचा. त्याआधीच ती कोसळली. “दे इकडे, व्हर्जिल, मी पुरं करते. डिंक फार दिवस राहिला तर काढताना कागद फाटतो,” लॉर्ना म्हणाली. “तू आपली फोटो बघून बदकं रंगव.” “फाटलाच तर वरून घट्ट पांढरा रंग थापू. मंडळाच्या प्रदर्शनात कुणाला कळतंय?” “तिला कळलं असतं. तुला ती गवंडीण म्हणायची. उचल तुझं हॉटडिश.” मी दार लावलं. सात महिन्यांनी परवा एका ठिपक्याला नख लावलं, तर कागदच सोलून आला. गवंडीण खरं बोलली होती. बाकीचा डिंक काढायचा राहिलाय.