टॉवेलवरची ऊ

चार वाजता मावशी येणार होती आणि शिंप्यापुढे बसलेल्या पोरीचं अर्धं डोकं अजून बाकी होतं.

“मान हलवू नकोस, बटण.”

“बाबा, पायाला मुंग्या आल्या.”

“येऊ देत. डोक्यात काही राहिलं ना, तर मावशी तुला आजच्या आज उचलून नेईल. मग बस तिथे पाय पसरून.”

म्हटलं त्याने चेष्टेत, पण पुढची बट घाईघाईने धरली. उवांपायी शाळेने पोरीला दोनदा घरी पाठवलं होतं. दुसऱ्या वेळी मेव्हणीने स्पष्टच बजावलं होतं, “भाऊजी, ताई गेल्यापासून मी गप्प आहे. आता एक लीख जरी दिसली, तरी पोर माझ्याकडे राहील.”

दिसली तर! दिसण्याचंच तर सगळं दुखणं होतं. वर्षभरात त्याचे डोळे असे काही गेले, की सुईत दोरा ओवायला पोर लागायची. निळी रिळं कुठली आणि काळी कुठली, हेही तीच सांगायची. ही गोष्ट दोघांतच होती. कुणाला म्हणजे कुणालाही सांगायची नाही.

बोटं मात्र शाबूत होती. एकेक केस चिमटीत धरून तो मुळापासून टोकाकडे ओढत होता. कण लागला आणि बोटांबरोबर घसरत आला, तर तो कोंडा. दोऱ्याला गाठ पडावी तसा जागच्या जागी अडून बसला, तर ती लीख. मग ती नखाने खरवडत टोकापर्यंत आणायची, दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरायची आणि दाबायची. टच्. वाजली तर भरलेली, नाही वाजली तर नुसतं टरफल. कानांमागे आणि मानेवर तर बाजार भरला होता नुसता. सकाळी सातपासून तो हेच करत होता. शिलाई मशीनवर गणवेशांचा ढीग तसाच पडला होता.

दारावर थाप पडली, तेव्हा त्याने शेवटची बट सोडली.

मेव्हणी आत आली. तिने पोरीचा गालगुच्चा घेतला आणि तिची नजर फ्रॉकच्या काठावर थांबली. निळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची शिलाई होती. पोर शाळेत असताना शिवलेला फ्रॉक होता तो.

“हा तुम्हीच शिवलात, भाऊजी?”

“मग! घरात शिंपी असताना विकतचा कशाला?”

तिने पोरीला खिडकीपाशी उजेडात बसवलं, मांडीवर पांढरा टॉवेल अंथरला आणि बारीक फणी काढली. फणी खरखर चालत राहिली. कानांमागे, मानेवर, परत कानांमागे. तो बाजूला उभा होता. पोर गेली तर या घरात मशीन तरी कुणासाठी चालवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

“काही नाही ना?” त्याला राहवेना.

मेव्हणीने फणी ठेवली. त्याच्या तोंडाकडे बघितलं, परत फ्रॉकच्या काठाकडे बघितलं. मग टॉवेल उचलून त्याच्यापुढे धरला.

“ही बघा. ऊ.”

तो वाकला. डोळ्यांपुढे सगळं पांढरंच पांढरं.

“हां, दिसली,” तो घाईघाईने म्हणाला. “दिसली की. एकच आहे ना? राहिली असेल चुकून. अगं, एकीसाठी काय एवढं? थांब, मारतो.”

त्याने अंदाजाने दोन्ही अंगठे टॉवेलवर टेकवले आणि जोर लावून दाबले. नखांखाली काहीच नव्हतं. डोळे फसवत होते त्याला, बोटांनी कधी फसवलं नव्हतं.

तेवढ्यात त्याच्या कोपराशी आवाज झाला. टच्.

“मेली, बाबा!” पोर म्हणाली. “केवढी होती!”

“भाऊजी, टॉवेल कोरा आहे,” मेव्हणी म्हणाली. “कधीपासून दिसत नाहीये तुम्हाला?”

त्याचे अंगठे टॉवेलवर तसेच राहिले.

“होती गं मावशी! मी बघितली ना! बाबांनीच मारली.” पोर उठून दोघांच्या मधे उभी राहिली. तिने आपली इवलीशी नखं मावशीच्या कानापाशी नेली आणि एकमेकांवर दाबली. टच्.

“अशी वाजली, बघ. अशी.” ती रडत होती आणि नखं वाजवतच होती. टच्. टच्. टच्.