चिमूटभर हिरवळ

“मागितलेलं रोप रुसतं वं बाई, चोरलेलं हसतं.” पूर्णिमा नवी नवरी होती, तेव्हा शेजारच्या कुंपणावरून मोगऱ्याची फांदी मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या होत्या. सासूबाई गेल्या, त्यांचा आवाज मात्र घरात राहिला.

माशांच्या टाकीसाठी पूर्णिमाने इंदूरहून पाणगवत आणलं, तळाशी गालिच्यासारखं पसरणारं. नदीकाठच्या राजघाटावरची वाळू चाळून, धुऊन, चिमट्याने एकेक काडी लावली. पण चार महिन्यांत चार पुंजक्यांचे पाच झाले नाहीत. आणि वरच्या मजल्यावर धाकट्या जावेच्या, तृप्तीच्या टाकीत तेच गवत मागून येऊन मखमलीसारखं पसरलं. “मी तर ऑनलाइन मागवलं, ताई,” ती म्हणायची. आला-गेला वर जाऊन फोटो काढायचा. परवा तर पूर्णिमाचा नवराच जेवताना म्हणाला, “वरची टाकी पाहिली का? क्या बात है.”

आज तृप्ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, तशी पूर्णिमाने कोपरापर्यंत हात तिच्या टाकीत घातला आणि एक चिमूट उपटली. वळली, तर दारात तृप्ती.

“मूठ सैल धरा ताई, मुळं चुरगळतात.”

पूर्णिमाच्या बाहीतून पाणी ठिबकत राहिलं. तृप्तीने नजर खाली वळवली.



“ऑनलाइनचं खोटं होतं. सासूबाईंनी मलाही तेच सांगितलं होतं... माझी पहिली चिमूट तुमच्याच टाकीतली आहे.”